डुकराला कोणती बंदूक? शेतराखणीच्या बंदुकीचा दीडशे वर्षांचा हिशोब



भात पोटरीला आलं की धसईच्या बाजारात, चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो. आदल्या रात्री कुणाच्या तरी शेतात डुकरं शिरलेली असतात. दहा-बारा डुकरांचा कळप एका रात्रीत चांगला तुकडा लोळवून जातो. खातात थोडं, तुडवतात जास्त. दाणा दुधात असला तर बघायलाच नको. मग कुणीतरी चिडून म्हणतो, "बास झालं. आता एक रायफल घ्यायचीच. स्वस्तातली, बोल्टची. कुठली चांगली रं?" पोरं मोबाइलवर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ बघतात. तिकडं माणूस दुकानात जातो, बोल्टची रायफल घेतो, संध्याकाळी डुकरांवर बसतो. आपल्याला का जमत नाही, असं त्यांना वाटतं.

प्रश्न साधा आहे. पण त्याचं खरं उत्तर द्यायचं तर १८७८ पर्यंत मागं जावं लागतं. आपल्या शेतकऱ्याच्या हातात कोणती बंदूक असावी, हे डुकराकडं बघून कधी ठरलंच नाही. सरकारला कुणाची किती भीती वाटते, यावरून ते ठरत आलं. हे समजलं की काय घ्यावं, काय घेऊ नये आणि काय मागावं, या तिन्ही गोष्टी सरळ होतात. म्हणून आज जरा लांबण लावतोय. वाचा निवांत.

आधी शब्द नीट करू. जुनी ती तोड्याची बंदूक, म्हणजे पेटत्या वातीनं दारूला आग द्यायची. मग चकमकीची आली, मग टोपीची. या तिन्ही ठासणीच्याच. तोंडाकडून दारू घालायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छरे किंवा गोळी, आणि गजानं ठासायचं. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यानंतर काडतुसाची आली, मागच्या बाजूनं भरायची. काडतुसाच्या बंदुकीतही दोन जाती. बारा बोअरसारखी गुळगुळीत नळीची, जिच्यातून बहुतेक वेळा छरे जातात. आणि रायफल, जिच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्या पिळामुळं गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून लांबवर सरळ जाते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

इंग्रज येण्याआधी आणि आल्यावरही बरीच वर्षं सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना हत्यार नवीन नव्हतं. घाटवाटा राखणारे, गडांवर नोकरी करणारे, रानात फिरणारे लोक हे. आपल्या डोक्यावरच्या घाटमाथ्यावर राघोजी भांगऱ्यांनी १८४० च्या दशकात सावकार आणि सरकार दोघांना जेरीला आणलं होतं. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आपल्याच जिल्ह्याच्या गावी. पुढं १८५७ झालं आणि इंग्रज हादरला. त्याच वर्षी हत्यारांवर कायदा आला, १८६० ला दुसरा आला, आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. त्यानं देशभर एकच नियम लावला: परवाना नसेल तर बंदूक बाळगायची नाही.

आता शेतकऱ्याच्या नजरेनं १८७८ हे साल बघा. त्याच एका वर्षात तीन कायदे झाले. एक हत्यारांचा. दुसरा देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा. आणि तिसरा जंगलाचा. जंगल कायद्यानं रान राखीव होत गेलं. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीचा जीव तेव्हा राबात होता, आजही बऱ्याच ठिकाणी आहे. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण रोपाच्या जागेवर पसरून जाळायचं आणि त्यावर रोप टाकायचं. फांद्या तोडायला बंदी म्हणजे राब बंद, राब बंद म्हणजे रोप नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ ला आला.

म्हणजे एकाच वर्षात काय झालं? शेताच्या कडेचं रान सरकारचं झालं, आणि त्या रानातून येणाऱ्या जनावराला हाकलायचं हत्यार सरकारच्या मर्जीवर गेलं. हे दोन कायदे वेगवेगळ्या कचेऱ्यांत लिहिले गेले असतील, पण येऊन पडले एकाच बांधावर. आजही शेतकरी वनखात्याकडं गेला की ते म्हणतात बंदुकीचं पोलिसांना विचारा, पोलिसांकडं गेला की ते म्हणतात डुकराचं वनखात्याला विचारा. या भानगडीचा जन्म १८७८ चा आहे.

"पण तो कायदा सगळ्यांना सारखाच होता ना?" असं कुणी म्हणेल. नव्हता. युरोपियन लोकांना त्यातून सूट होती. आणि हिंदुस्थानातल्या एका शेतकरी समाजालाही होती, ती म्हणजे कोडगूचे कोडव. तिथं १८६१ मध्ये इंग्रज कमिशनर मार्क कबन यांनी त्यांना परवान्यातून मोकळं केलं, कारण १८५७ मध्ये कोडगू इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलं होतं. ती सूट पुढच्या सगळ्या कायद्यांतून टिकली. स्वतंत्र भारतातही टिकली. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडगूतही घाट आहे, पाऊस आहे, भात आहे, डुक्कर आहे. आपल्यासारखंच सगळं. फरक एवढाच की दीडशे वर्षांपूर्वी सरकारला त्यांची भीती वाटली नाही आणि आपली वाटली. मी कोडवांची सूट काढा असं म्हणत नाही. त्यांची ती संस्कृती आहे, आणि त्यांनी ती जपली आहे. पण बंदूक कुणाला द्यायची हे पिकावरून ठरत नव्हतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही.

आपल्या बाजूची भीती सरकारला लगेच खरीही वाटली असेल. कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी त्या मे महिन्यात कोकणात उतरून पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली इथं दरोडे घातले. पनवेल त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होतं. मग या पट्ट्यातल्या माणसाला साहेब काय म्हणून बंदूक देणार? शेतातली बंदूक शेतातच राहील, असं कुठल्याच सरकारला वाटत नाही. पुढं १९४३ मध्ये, २ जानेवारीला, मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आपल्या डोंगरांनी हा संशय फार जवळून पाहिला आहे.

गांधीजी अहिंसेचे, पण या कायद्याचा राग त्यांनाही होता. जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाआधी, त्यांनी सरकारपुढं अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर रद्द करा, शेतसारा निम्मा करा, या मागण्या बहुतेकांना माहीत असतात. त्याच यादीत स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्या, अशीही एक मागणी होती. शाळेच्या पुस्तकात ती क्वचितच सांगतात.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडं येऊ. बोल्टची रायफल.

बोल्ट म्हणजे काय, तर दाराचा अडसर आठवा. मूठ वर उचलायची, मागं ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलायची, नवं काडतूस नळीत बसतं. मूठ खाली दाबली की अडसर लागला. बस्स. सुटे भाग कमी, बिघाड कमी, साफ करायला सोपी. म्हणून ही रचना सैन्यानं उचलली. जर्मनीची १८९८ ची माउझर, इंग्रजांची १८९५ पासूनची ली-एनफिल्ड. आपल्याकडं पोलिसांच्या खांद्यावर जी थ्री नॉट थ्री वर्षानुवर्षं दिसायची, ती हीच.

परदेशातल्या शेतकऱ्याला स्वस्त बोल्ट रायफल मिळाली ती युद्धांमुळं. दोन महायुद्धं संपली, सैन्यांकडं लाखो रायफली उरल्या, त्या मोडीच्या भावानं विकल्या गेल्या. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी त्यांचं जड लाकूड कापून हलकं केलं आणि हरणाच्या शिकारीला वापरल्या. मग कारखान्यांनाही स्वस्तात बनवायची युक्ती सापडली. अमेरिकेत १९५८ साली सॅव्हेज कंपनीची ११० नावाची रायफल आली. तिची नळी एका मोठ्या नटानं बसवलेली असते. त्यामुळं बोल्ट आणि काडतुसाच्या घराचं अंतर जुळवायला कसबी कारागिराचे तास खर्ची पडत नाहीत. नट फिरवून माप जुळवता येतं. पुढच्या काळात लाकडाच्या जागी प्लॅस्टिकचा दस्ता आला, यंत्रावर घडवलेल्या नळ्या आल्या आणि स्वस्त रायफलही निशाणाला चांगली निघू लागली. पोरं व्हिडिओत बघतात त्या याच वंशातल्या.

मग आपल्याकडं ही गंगा का आली नाही? कारण इंग्रजानं आधीच बांध घातला होता. सैन्याचं काडतूस ज्या रायफलीत बसतं, ती रायफल खासगी माणसाला द्यायची नाही, हे इथलं धोरण. हेतू सरळ होता: छावणीतून काडतुसं चोरीला गेली तरी ती बाहेरच्या बंदुकीत चालू नयेत. म्हणून थ्री नॉट थ्री खासगी माणसाला बंद. मग साहेबानं, संस्थानिकानं शिकार कशानं करायची? त्यासाठी तीनशे पंधरा बोअर आलं. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं, आठ मिलिमीटरचं. इंग्रज सैन्याच्या कुठल्याच रायफलीत ते बसत नाही, हाच त्याचा गुण. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं, जिच्या सायकली आपल्या आज्यांच्या पिढीला माहीत होत्या त्याच कंपनीनं, ली-एनफिल्डच्या धर्तीवर या बोअरच्या रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी केल्या.

स्वातंत्र्यानंतर हेच पुढं चालू राहिलं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं तीनशे पंधराची स्पोर्टिंग रायफल काढली. थ्री नॉट थ्री निषिद्धच राहिली. काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीतून. तो कारखाना १८६९ चा, आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' हा शिक्का असतो. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करायचा रस्ताही बंद झाला. त्यामुळं व्हिडिओतली ती स्वस्त सॅव्हेज इथल्या दुकानात स्वस्त मिळेल, हा विचार सोडून द्या. आपल्या शेतकऱ्यापुढं सरळ मार्गानं येणारी बोल्टची रायफल म्हणजे मुख्यतः ईशापूरची तीनशे पंधरा. तिचा सांगाडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आणि तिचं काडतूस साम्राज्याच्या भीतीतून जन्मलेलं.

आता ती तरी घ्यावी का? इथं कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण नव्वद टक्के लोकांना हे माहीत नसतं असा माझा अंदाज आहे.

इंग्रजांचा १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा हत्यार कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये शेतराखणीचा खास उल्लेख आहे. खरोखर पीक राखायला हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. ठासणीची पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, नळी किमान वीस इंचांची, देता येते. म्हणजे आपली बारा बोअर. रायफलचं नाव शेतराखणीत नाही. रायफल हवी तर वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते पटलं की नाही हे अधिकारी ठरवतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. १९५९! माणूस चंद्रावर जायच्या तयारीत होता, आणि कायद्याच्या लेखी शेतकऱ्याची बंदूक अजून गजानं ठासायची. त्यातही गंमत बघा. पावसात, दवात, ऑक्टोबरच्या रात्री ठासणीची दारू सर्दावते. बार फुसका जातो. पण एका अर्थी ही सोय सरकारला परवडणारी होती: एक बार, मग मिनिटभर ठासत बसा. अशा बंदुकीनं बंड होत नाही. शेतराखणीची व्याख्या करतानाही १८५७ ची सावली मागं उभी होती, असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

तरी मी प्रामाणिकपणं सांगतो, रायफल आपल्या शेताला बरी नाही. कायदा चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर जागी येऊन थांबला आहे. रायफलची गोळी डुक्कर चुकलं तर काही किलोमीटर जाऊ शकते. अमेरिकेत शेजारचं घर मैलभर लांब असतं. आपल्याकडं बांधाला बांध लागून. खाली गाव, वर ठाकरवाडी, मध्ये पाडे. रात्री माणूस कुठं नसतो? कुणी माळ्यावर राखणीला, कुणी ओढ्यात खेकड्यांना बत्ती घेऊन, कुणी वाट तुडवत घरी निघालेलं. खडकावर आपटून गोळी कुठं वळेल याचा नेम नाही. बारा बोअरचे छरे तीस-चाळीस यार्डांपलीकडं डुकराला नीट काम करत नाहीत. तोच आपला फायदा. जवळ येऊ द्यावं लागतं, नीट बघावं लागतं, आणि चुकलं तरी ते रायफलच्या गोळीसारखे पुढच्या गावापर्यंत जात नाहीत. छऱ्यांनीही माणूस मरतो, हे मात्र विसरायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या टोळक्यानं डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. तो गेला. अंधारात हललेली प्रत्येक गोष्ट डुक्कर नसते.

बरं, बंदूक आली, परवाना आला. डुक्कर मारता येईल? नाही. इथं दुसरा कायदा उभा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. सुरुवातीला त्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. रानडुक्कर बरीच वर्षं तिसऱ्या अनुसूचीत होतं; २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं. कलम ११ मध्ये मात्र वाट आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयानं नीलगाय आणि रानडुकरांबाबत ही वाट थोडी सोपी केली. केरळनं २०२२ मध्ये आणखी पुढं जाऊन हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. पण परवानगीनं मारलेलं असो की जीव वाचवताना, मेलेलं जनावर सरकारचं. वाटे घालायचे नाहीत.

म्हणजे दोन कागद लागतात. बंदुकीचा एक, डुकराचा एक. एक असून दुसरा नसेल तर तुम्ही आरोपी.

आपल्या तालुक्यांना तिसरी एक अडचण आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा बंदूक परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि जुन्या परवान्याची नोंद त्यांच्याकडं करावी लागते. शहापूर बाजूला तानसा अभयारण्य, मुरबाडच्या डोंगराकडं भीमाशंकर. नकाशावर आपलं गाव कुठं येतं ते अर्जाआधी बघा. एका ओळखीच्या शेतकऱ्याचा अर्ज एका कचेरीत दोन पावसाळे पडून होता. या दोन पावसाळ्यांत डुकरांनी काही अर्ज केला नाही, ती सरळ आली.

चौथी अडचण निवडणुकांची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा करायचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांच्या नाही, छाननी करून, असं आता म्हणतात. पण आपल्या विधानसभेच्या तारखा बघा: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. भात पिकायचा आणि कापणी-झोडणीचा नेमका काळ. ज्या महिन्यासाठी बंदूक घेतली, त्याच महिन्यात ती ठाण्याच्या खोलीत. गावात उमेदवाराच्या गाड्या फिरतात आणि शेतात डुकरं फिरतात.

आता ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी, माझ्या समजुतीप्रमाणं, चार गोष्टी.

एक. शेतराखणीसाठी अर्ज करायचा तर बारा बोअर, एकनळी. अर्जातच लिहा की ठासणीची का पुरत नाही: किती क्षेत्र, रानाची हद्द कुठून लागते, गेल्या हंगामांत किती पंचनामे झाले. नुकसानीचा पंचनामा भरपाईपुरता नसतो, तोच परवान्याचा पुरावा होतो. भरपाई किरकोळ म्हणून पंचनामा टाळू नका.

दोन. जुनी बंदूक स्वस्त पडते, पण परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि परवान्यावर नोंद झाल्याशिवाय घरी आणू नका. घेताना ती रिकामी आहे हे स्वतः बघा, मग नळी उजेडाकडं धरून आरपार पाहा. आत खड्डे, गंज किंवा नळीला बाहेरून फुगवटा दिसला तर नमस्कार करून परत या. बिजागरीत मिटल्यावर खुळखुळता कामा नये. जुन्या नळीत काडतुसाची लांबीही महत्त्वाची. घर पासष्ट मिलिमीटरचं असेल तर सत्तरचं काडतूस घालायचं नाही.

तीन. घरात आज्याची, बापाची परवान्याची बंदूक असेल तर ती अंगठा धरून बसवू नका. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप पोराची होत नाही. तशीच घरात राहिली तर तो बेकायदा साठा. वारसाला परवाना मिळायची सोय २०१६ च्या नियमांत आहे. परवानाधारक सत्तरीच्या पुढं गेला असेल किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. नव्या परवान्यासाठी बंदूक सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षणही लागतं. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची आहे, ती चुकवू नका.

चार. गावठी कट्टा, बिनपरवान्याची ठासणी, डुकराचे बॉम्ब आणि कुंपणात सोडलेला विजेचा करंट, या चारही गोष्टींना हात लावू नका. बिनपरवाना हत्याराला २०१९ पासून किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. पण मला त्याहून भीती करंटची वाटते. करंटला डुक्कर, बैल आणि पहाटे पाणी सोडायला आलेला शेजारी यातला फरक कळत नाही. शेतकऱ्यानं शेतकऱ्याचा जीव घ्यायचा आणि मग आयुष्यभर दोन घरांनी रडायचं, एवढ्या किमतीचं भात अजून पिकलेलं नाही.

ज्यांना बंदूक नको, त्यांनी सौर कुंपण बघावं. झटका देतं, जीव घेत नाही. पण ते एकट्याच्या तुकड्याला परवडत नाही आणि उपयोगीही नाही. डुक्कर शेजारच्याकडं वळतं. सगळ्या शिवाराला मिळून घातलं तर खर्च वाटला जातो. आणि गोफण, डबा, माळ्यावरची आरोळी यांना जुनाट म्हणून हसू नका. १८७८ नंतर आपल्या पणज्यांनी बंदुकीविना भात पिकवलं ते याच जोरावर. मात्र तेव्हा राखणीला घरात आठ माणसं होती. आज पोरं कल्याण-भिवंडीला कामावर, घरी म्हातारा-म्हातारी. माळ्यावर बसणार कोण? डुकराचा प्रश्न वाढला त्यात हेही एक कारण आहे, आणि त्याला कुठलीच बंदूक उत्तर नाही.

मागायचं काय, ते सांगून थांबतो. स्वस्त रायफल मागू नका. हे दोन कागद एका टेबलावर आणा, एवढं मागा. शेतराखणीचा परवाना आणि डुकराची परवानगी यांचा एकच अर्ज, एकच पंचनामा, आणि भात निसवायच्या आत निकाल. निवडणुकीत शेतराखणीच्या बंदुकांचा विचार हंगाम बघून व्हावा. आणि गावोगाव सगळ्यांनी बंदुका घेण्यापेक्षा, दहा गावांत मिळून दोन-तीन प्रशिक्षित परवानाधारक वनखात्याच्या यादीवर असावेत, ज्यांना बोलावलं की ते नियमानं येतील. ग्रामसभेचा ठराव करून हे तहसील आणि वनक्षेत्रपाल, दोन्हीकडं एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. येत्या ग्रामसभेत मी आमच्या गावचा ठराव मांडणार आहे. तुमच्या गावात मांडला तर त्याची तारीख मला कळवा, म्हणजे सगळे ठराव एकत्र नेता येतील.